दोन बादल्या

एन्सिओच्या विहिरीला काठ नाही, रहाट नाही.
अंगणात एक लोखंडी झाकण,
त्याखाली वीतभर रुंद आणि नव्वद मीटर खोल अंधार.
तळाशी रापाकिवी.
आमच्या फिनिश भाषेत त्याचा अर्थ कुजका दगड.
वर, उन्हाथंडीत, त्याचा भुगा होतो.
खोलात तो शाबूत असतो
आणि हळूहळू काहीतरी सोडत राहतो.

प्रयोगशाळेचा कागद त्यानं साखरेच्या डब्याखाली दाबून ठेवला होता.
आकड्याखाली पेननं दोन रेघा,
वीजबिलात चूक सापडल्यासारख्या.
"वास नाही, चव नाही, रंग नाही," तो म्हणाला.
"चाळीस वर्षं हेच प्यालो. कॉफी याचीच.
साउनाच्या तापल्या दगडांवर हेच ओततो.
मग आहे कुठे ते?"

आडात आहे म्हणून पोहऱ्यात आहे, मी म्हटलं.
दिसत नाही, एवढंच.
रेडॉन वायू आहे.
पाण्यात घुसमटून बसतो,
हवा भेटली की निघतो:
नळाखाली, शॉवरखाली, साउनात वाफेचा हात धरून.
आपण त्याला घरात सुटू द्यायचं नाही.
तळघरातच पाण्याला हवा पाजायची
आणि जे निघेल ते नळीनं छपरावर नेऊन सोडायचं.

किंमत ऐकून
तो बराच वेळ तळ्याकडे बघत राहिला.
तळ्यावर बघण्यासारखं काही नव्हतं.

दोन दिवस लागले.
टाकी, फवारा, तळातून उकळीसारखे बुडबुडे,
न उकळता.
तिसऱ्या दिवशी फोन:
"मार्युत, तळघरात कुणीतरी घोरतंय.
हिल्क्का घोरायची तेव्हा निदान कोपरानं ढोसता यायचं."
मी जाऊन ब्लोअरखाली रबराच्या चकत्या बसवल्या.
छपरावरच्या नळीच्या तोंडाशी कावळा बसला होता,
उबेला.

नोव्हेंबरात पुन्हा फोन, रात्री साडेदहाला.
"ते घोरायचं थांबलंय. झोप येईना."
मोटर जळली होती. नवी सोमवारी येणार.
आज शुक्रवार.
मी म्हटलं, टाकीच्या आधीचा नळ उघड,
दोन बादल्या घे, बाहेर ओसरीवर जा.
एकीतून दुसरीत ओत, उंचावरून, बारीक धारेनं.
"किती वेळा?"
वीस.
"बाहेर उणे अकरा आहे."
टोपी घाल.

त्यानं फोन कठड्यावर ठेवला असावा.
धार ऐकू आली. मग बादलीचा कान. मग धार.
तो मोजत होता, नाकातून,
सातव्याला चुकला
आणि पुन्हा एकपासून सुरू झाला, प्रामाणिक माणूस.
जीव भांड्यात पडतो म्हणतात,
त्याचा दोन भांड्यांत ये-जा करत होता.

मी माझ्या स्वयंपाकघरात उभी होते,
कानाला फोन,
समोर माझा नळ.
माझंही घर त्याच दगडावर.
एकोणीस वर्षं लोकांच्या तळघरांत टाक्या बसवते आहे.
माझ्या खणात, चमच्यांच्या मागे,
नमुन्याची कोरी बाटली
दोन वर्षं पडून होती.
टपालाला वेळ नाही, असं मी स्वतःला सांगत आले.
कुठे पाणी मुरतंय
ते मला ठाऊक होतं.

"बारा," एन्सिओ म्हणाला. "बोटं गेली माझी."
हातमोजे घाल.
"तू आहेस ना?"
आहे.

मी बाटली काढली.
भांडं भरलं, नळाचं तोंड पाण्यात बुडेल असं,
आणि बाटली आतच बुडवून भरली, आतच झाकण लावलं,
कारण एकही बुडबुडा राहून चालत नाही;
राहिला तर जे आहे ते त्यातच निसटतं
आणि कागदावर खोटं उतरतं.
उलटी करून दिव्याखाली धरली.
एक राहिला होता, मोहरीएवढा.
ओतून दिली. पुन्हा बुडवली.

"पंधरा," तो म्हणाला.